बांधावरचा मुका बाजार

कडेगावच्या अलीकडं एका खेड्यात राहणाऱ्या तात्या सुभेदारानं मला फसवलं. भर दिवसा, माझाच माल माझ्याच हातानं वाहायला लावून फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं वाचताना तुम्हाला त्या माणसाचा लळा लागायची शक्यता आहे, आणि लळा लागला की लोक मुद्दा विसरतात. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करतो. कागदावर करणार नाही. तेवढी वसुली माझी.

माझा धंदा जुन्या वस्तूंचा. रहिमतपुरात सायकलीवर भंगार गोळा करत सुरुवात केली, आज स्वतःचं गोडाऊन आणि स्वतःचा टेम्पो आहे. गावोगाव बंद पडलेल्या गुऱ्हाळांच्या कायली, तेलाचे घाणे, दगडी जाती असलं मी विकत घेतो आणि डोंगरातल्या रिसॉर्टवाल्यांना विकतो. काईल म्हणजे उसाचा रस आटवायची लोखंडी परात, सहा-सात माणसं आत मांडी घालून बसतील एवढी. रिसॉर्टवाले तिच्यात पाणी भरून कमळं सोडतात आणि शेजारी फोटो काढतात. मला त्यात काही बोलायचं नाही. गिऱ्हाईक आहे.

भांडवल म्हणाल तर जीभ. बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा होतो, तिथंही मी हरलेलो नाही. पण तिथं निदान समोरच्याचा हात हातात असतो. हात थरथरला की माणूस कळतो. तात्यानं मला हातही दिला नाही.

त्याची काईल मला रस्त्यावरनं दिसली. विहिरीच्या अंगाला, बांधावर, एका सपाट दगडाशेजारी पालथी पडलेली. जाड पत्रा, रिबिटा जागच्या जागी. असली काईल आता शोधून मिळत नाही. मी टेम्पो थांबवला, घर विचारलं आणि अंगणात जाऊन सुरुवात केली, "रामराम तात्या, ती बांधावरची काईल..."

तात्यानं चौकातल्या हवालदारासारखा तळवा वर केला. सहा फूट उंच, मिशा वर वळवलेल्या, डोक्याला निळी टोपी, खाली धोतर.

"काईलीबद्दल तोंड उघडायचं न्हाई," तो म्हणाला. "भूमध्यात असल्या सौद्यात कोण बोलत न्हवतं."

मला वाटलं भूमध्य हे आटपाडीकडलं एखादं गाव असेल. म्हणालो, "तिकडं माझं जाणं होत नाही."

"समुद्र हाय त्यो," आतनं आवाज आला. ही मालनकाकी, तात्याची बायको. "बसा पावनं, च्या ठेवते. लवकर सुटायचं न्हाईसा तुमी."

सुटलो नाही ते नाहीच. त्या दुपारी मला कळलं ते असं. तात्या सैन्यात सुभेदार होता. नोकरीच्या शेवटाला त्याला निळी टोपी घालून शांतता राखायला लेबनॉनला पाठवलं. तिथं समुद्राकाठी सूर नावाचं एक प्राचीन शहर आहे. हजारो वर्षांपूर्वी तिथं फिनिशियन नावाचे लोक राहत. जहाजं बांधायची आणि सगळ्या भूमध्य समुद्रात माल विकत फिरायचं हा त्यांचा धंदा. इजिप्तला लाकूड, ग्रीकांना कापड, ज्याला जे नाही ते त्याला. बाकीचे जवान तिकडनं येताना खजूर आणतात, अत्तर आणतात. तात्या फिनिशियन घेऊन आला. त्याला कस्टम लागत नाही, पण पुढं तो अख्ख्या गावाला लागला.

त्याच्या दोन म्हशींची नावं सूर आणि सैदा. सैदा हेही तिकडलंच बंदर. त्याच्या घरचं दूध घालायला येणारी माणसं डेअरीत सरळ सांगतात, "आज सैदा आटलीया." कुणाला काही वाटत नाही. मालनकाकीनं एवढंच म्हटलं होतं, की म्हशीला निदान हाक मारली की कळेल असं नाव ठेवा. त्यावर तात्या म्हणाला, "तिला कळतंय. तुला कळंना."

तिकडं ऑलिव्ह मिठाच्या पाण्यात मुरवून खातात म्हणून यानं करवंदं मुरवली. वर्षभर येईल त्याला बशीत चार चार वाढली. मालनकाकी मला म्हणाली, "मीठ वाया, करवंदं वाया, आन पावनंबी वाया. एकडाव खाल्ल्याला माणूस परत फिरकला न्हाई."

एका लग्नात नवरी जांभळा शालू नेसली होती. तात्या मांडवात उभा राहून बायकांना सांगायला लागला, की भूमध्यात हा रंग राजेलोकांचा, आणि तो फिनिशियन लोक समुद्रातल्या गोगलगायी सडवून काढायचे. "ढिगानं सडवायच्या. वास असा सुटायचा की रंगाऱ्यांची वस्ती गावाच्या भाईर." नवरीच्या मावशीनं नाकाला पदर लावला. मग म्हणाली, "तात्या, अक्षता टाका आन पयल्या पंगतीला बसा. आमी वाढतो."

शाळेच्या झेंडावंदनाला त्याला पाहुणा म्हणून बोलावलं, ते एकदाच. तिथं यानं सांगितलं, की फिनिशियन लोकांनी बावीस अक्षरं केली, ती बोटीतनं ग्रीकांकडं गेली, ग्रीकांनी त्यात स्वर घातले, रोमनांनी ती ग्रीकांकडनं उचलली, आणि फळ्यावरची एबीसीडी ती हीच. हेडमास्तर कडक माणूस. ते म्हणाले, "म्हणजे चोरीच की ही."

"चोरीत मालकाचं कमी हुतंय मास्तर," तात्या म्हणाला. "हितं कुणाचं काय कमी झालं, सांगा."

मास्तरांनी पुढच्या वर्षी दुसरा पाहुणा बोलावला.

आता मुका बाजार. तात्याच्या म्हणण्याप्रमाणं हे फिनिशियन लोकांच्या एका वसाहतीचं काम, आणि एका ग्रीक माणसानं ते लिहून ठेवलंय. आफ्रिकेच्या दूरच्या किनाऱ्यावर जायचं. तिथल्या लोकांची भाषा यांना येत नाही, यांची त्यांना येत नाही. मग यांनी माल वाळूवर मांडायचा, जहाजात परत जायचं आणि धूर करायचा. धूर बघून तिकडचे लोक येणार, मालाशेजारी सोनं ठेवणार आणि लांब सरकणार. यांनी परत येऊन बघायचं. सोनं पुरेसं वाटलं तर उचलून निघायचं. नाही वाटलं तर परत जहाजात बसायचं. ते लोक आणखी आणून ठेवणार. दोघांचं समाधान झाल्याबिगर कुणी कशाला हात लावायचा नाही.

"एक शबूद न्हाई," तात्या म्हणाला. "आन फसवाफसवी न्हाई."

"त्यांच्याकडं मोबाईल नव्हता," मी म्हणालो.

"तुज्याकडं हाय. त्यानं काय उजेड पडला?"

मी नोटा काढल्या. त्यानं त्या बघितल्याही नाहीत. "नोट चालायची न्हाई. नोटंवर लिवल्यालं असतंय. लिवल्यालं म्हंजी बोलणंच की. वस्तू ठिवायची. त्या काईलीजवळच्या दगडावर. उसाचं पाचट पेटवून धूर करायचा आन फाट्यावर च्या पीत बसायचं. एका तासानं येऊन बघायचं."

उठताना मी सहज विचारलं, विहिरीपलीकडचं ते घर कुणाचं. तात्या म्हणाला, "शेजारी." आत काकीच्या हातातलं भांडं जरा जोरात आपटलं. मी लक्ष दिलं नाही. माझं लक्ष काईलीवर होतं.

पहिल्या खेपेला मी नवा मिक्सर ठेवला. पाचट पेटवलं, फाट्यावर बसलो. चहावाला विचारायला लागला, की रान पेटलंय का. तासानं गेलो तर मिक्सर जागच्या जागी, काईल जागच्या जागी. म्हणजे कमी पडलं; मिक्सर तिथंच सोडला. मनात म्हटलं, म्हातारा पक्का आहे. पुढच्या आठवड्यात मिक्सरशेजारी लंबकाचं भिंतीवरचं घड्याळ ठेवलं. पुन्हा धूर, पुन्हा चहा, पुन्हा नन्नाचा पाढा. आयुष्यात पहिल्यांदा मला समोरच्याचं तोंड बघायला मिळत नव्हतं. कुठं ताणायचं, कुठं सोडायचं, कुठं उठून चालायला लागायचं नाटक करायचं, काही कळेना. नाटक करायचं तर कुणासमोर? सूर आणि सैदासमोर?

तिसऱ्या खेपेला मी पायानं चालवायचं शिलाई मशीन आणलं. माझ्या गोडाऊनमधलं चांगल्यातलं. ते उतरवताना माझी कंबर धरली. धूर केला, फाट्यावर गेलो, आणि तासाभरानं आलो तर माझा माल गायब. मिक्सर गेला, घड्याळ गेलं, मशीन गेलं. काईल तशीच. आणि दगडावर एक बुट्टी. वर फडकं, आत भुईमुगाच्या शेंगा आणि गुळाचा एक खडा.

मी हिशेब असा लावला. माल उचलला, म्हणजे सौदा पटला. बुट्टी म्हणजे वरची खुशी. चार पावलं पुढं ऊसतोडणीचा फड चालला होता, तिथली माणसं बोलावली, काईल टेम्पोत चढवली, बुट्टी केबिनमध्ये घेतली आणि निघालो. बोलायचं नव्हतंच, त्यामुळं तात्याचा निरोपही घेतला नाही. रहिमतपूर येईपर्यंत शेंगा संपल्या. गूळसुद्धा.

तिसऱ्या दिवशी तात्या एसटीनं माझ्या गोडाऊनवर आला. निळी टोपी, इस्त्रीचा शर्ट, मिशा मात्र खाली आलेल्या. आल्या आल्या त्यानं स्वतःचा नियम मोडला.

"काईल माघारी दे."

"का म्हणून? सौदा झाला," मी म्हणालो. "माझा मिक्सर, घड्याळ, मशीन तुम्ही उचललंत."

"म्या न्हाई उचललं."

"मग काय फिनिशियन येऊन घेऊन गेले?"

तो जात्यांच्या थप्पीवर बसला. टोपी काढून तिची कड पुसत राहिला, आणि मला आता कुणाचं गप्प बसणं सोसत नव्हतं. मी आवाज चढवला. तेव्हा म्हणाला, "बापूनं उचललं. माज्या भावानं. विहिरीपल्याडचं घर त्येचं. कालपास्नं मिक्सर वाजतोय तितं."

मग सगळं बाहेर आलं. तात्या नोकरीत असताना घरचं गुऱ्हाळ धाकटा बापू चालवत होता. माणसं मिळेनात, ऊस कारखान्याला जाऊ लागला, बापूनं गुऱ्हाळ बंद केलं. तात्या रिटायर होऊन आला आणि चार लोकांत भावाला विचारता झाला, "एवढ्या वर्सांचा गूळ गेला कुठं?" बापू त्या दिवशी उठून गेला तो आजपर्यंत बोललेला नाही. मधल्या काळात तात्याला कळलं, की बापूनं काही खाल्लं नव्हतं, उलट स्वतःचं घालून ते चालवलं होतं. पण शब्द गेला होता.

"मग माफी मागायची," मी म्हणालो.

"कशानं? ज्या तोंडानं त्ये बोललो, त्येच तोंड घिऊन जाऊ?" तात्या म्हणाला. "म्हणून काईल ठिवली. गुऱ्हाळ तुजं, असं म्हणायचं हुतं. तीन वर्सं पडलीया तितं. त्येनं बघितलं न्हाई. त्येला वाटलं आसंल, टाकून दिलीया. मग तू आलास. तुजा धूर त्येच्या घरातनंबी दिसत हुता. तू मिक्सर ठिवलास, घड्याळ ठिवलंस, तवा त्येला उमगलं की ह्यो मुका बाजार हाय, म्या मांडून बसलोय. म्हणून आला त्यो."

माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्याच्या मागोमाग संताप. "म्हणजे माझा माल लावून तुम्ही तुमच्या भावाची समजूत काढत होता?"

"म्या तुला ठिव म्हणलं. काईल इकतो म्हणलं व्हतं का?"

मी आठवून बघितलं. नव्हतं म्हणलं. वीस वर्षांच्या धंद्यात माणसाचा एकेक शब्द पकडणारा मी, आणि न बोललेल्या शब्दावर टेम्पो घेऊन तीनदा कडेगावकडं गेलो होतो. माझ्या तोंडातनं जे निघालं ते इथं लिहीत नाही. तात्या ते सगळं सावधान बसून ऐकत राहिला. थांबलो तसं म्हणाला, "झालं? आता सांग. माल उचलला म्हंजी कायतरी ठिवलं आसंलच. दगडावर त्येनं काय ठिवलं हुतं?"

"शेंगा. आणि गूळ."

"कुठं हाईत?"

"खाल्ल्या."

तो पुढं सरकला. मला वाटलं आता हात उगारतो, आणि खरं सांगायचं तर तेच बरं झालं असतं.

"भाजल्याल्या हुत्या, का कच्च्या?" त्यानं विचारलं.

"भाजलेल्या."

"तव्यावर, का राखंत?"

मला काय ठाऊक. मी शेंगा खातो, चौकशी करत नाही. पण तो विचारतच राहिला, म्हणून आठवावं लागलं. काही टरफलं एका बाजूनं जळलेली होती. हाताला काळं लागलं होतं. दाण्याला धुराचा वास होता, आणि स्टेअरिंगवर राख सांडली होती.

"राखंत," तात्या म्हणाला. "चुलवाणाच्या." चुलवाण म्हणजे गुऱ्हाळाची भट्टी, जिच्यावर काईल चढते. "ल्हानपणी आमी दोघं काईल उतरली की राखंत शेंगा पुरायचो. माज्या वाटणीच्या त्यो सोलून ठिवायचा, म्या येस्तवर." मग म्हणाला, "म्हंजी त्येनं चुलवाण पेटवलं. एवढ्या वर्सांनी."

मी उठलो. पाणी आणायला जातो म्हणालो आणि टेम्पोच्या केबिनमध्ये शिरलो. सीट उचलली, पायपुसणं उचललं, गिअरच्या खोबणीत बोटं घातली. तीन शेंगा निघाल्या, एक चेपलेली. त्याच्या हातावर ठेवल्या. मला वाटलं खाईल. त्यानं एक नाकाजवळ धरली, मग तिन्ही शर्टाच्या खिशात घातल्या आणि खिशाचं बटण लावलं.

"त्येला काय वाटलं आसंल," तो म्हणाला. "त्येनं जबाब दिला, आन दुसऱ्या दिवशी बघतोय तर काईलच गायब. त्येला वाटणार, म्या माघारी न्हेली."

मी काईल परत नेली. त्याच दिवशी, स्वतःच्या डिझेलनं, तात्याला शेजारी बसवून. वाटेत त्यानं भूमध्याचं नाव काढलं नाही. तो रस्ता मला फार लांब वाटला. दगडाशेजारी काईल होती तशी पालथी घातली आणि मी विहिरीला वळसा घालून बापूच्या दारात गेलो.

बापू म्हणजे तात्याच, मिशा काढलेला. आत माझा मिक्सर घरघरत होता, कुणीतरी चटणी वाटत होतं. भिंतीवर माझं घड्याळ. टीपॉयवर दिवाळी अंकांची चळत. मी सगळं सांगितलं. काईल तात्यानं नेली नव्हती, मी नेली होती. बुट्टी तात्याला मिळालीच नाही. बापूनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "त्येच्या वतीनं बोलाया आलाईस व्हय? त्येला तोंड न्हाई?"

"तुमच्यासमोर उघडत नाही त्यांचं."

"गावासमोर बरं उघडलं हुतं. आज आणलीस, उद्या न्हेशील. ठिवल्यालं उचलून न्ह्याची रीत आमच्यात न्हाई." आणि दार लावलं. मिक्सर आत चालूच.

त्याला आता सहा महिने झाले. काईल तिथंच आहे. दगड मोकळा आहे. मालनकाकी अधनंमधनं मला फोन करते. परवा म्हणाली, "म्हातारं रोज सकाळी बांधावर जाऊन हुबं ऱ्हातंय. इचारलं तर म्हणतंय, म्हसरं बघाया चाललो. म्हसरं हिकडं गोठ्यात." पाऊस असला तरी जातो. घरी येऊन टोपी झटकतो आणि चहा मागतो. शाळेत, लग्नात, डेअरीत आता फिनिशियनांचा विषय काढत नाही. लोकांना आधी बरं वाटलं. आता तेच विचारतात, की तात्याची तब्येत बरी आहे ना.

तात्यानं मला फसवलं हे मी मागं घेत नाही. पण त्याच्याकडनं वसूल करण्यासारखं आता काही राहिलेलं नाही, म्हणून बापू, मी तुमच्याकडं आलोय. दिवाळी अंक तुम्ही वाचता, मी टीपॉयवर बघितलेत, म्हणून हे इथं छापायला दिलं. शेंगा मी खाल्ल्या. तीन सोडून सगळ्या, टेम्पोत, गाणी ऐकत. त्या दिवशी तात्या बांधावर आला तेव्हा त्याला मोकळा दगड दिसला, आणि तुमच्या भावानं रहिमतपुरापर्यंत येऊन माझ्यासारख्या माणसाला विचारलं, की त्या भाजलेल्या होत्या का कच्च्या. मिक्सर, घड्याळ आणि मशीन तुमच्या घरात आहे. मी ते परत मागत नाही, आणि असं मी आजवर कुणाला म्हटलेलं नाही. पण ज्यानं माल उचलला त्यानं दगडावर काहीतरी ठेवायचं असतं. तुम्ही ठेवलेलं पोचलं नाही, ते माझ्या पोटात गेलं. मग पुन्हा ठेवायला तुम्हाला काय झालं? चुलवाण तिथंच आहे, शेंगांचे दिवस आहेत, म्हातारा रोज सकाळी बांधावर येतो. बापू, एवढं उचलून गप्प बसलात, त्याचा जाब द्या.